कल्हईखालची चीर

लिंझ, ११ नोव्हेंबर

बाबा, सलाम.

पण ते भांडं तुम्ही गल्लीत फेकायला नको होतं. दोन वर्षं झाली तरी मी तेच म्हणणार. ओरडायचं ते दुकानात ओरडायचं. सगळ्या सारायेव्होचे तांबट दारात येऊन बघत होते. समोरचा मुयो काय म्हणाला, आठवतंय? "नेर्मिन, आता परदेशात जाऊन डबडी ठोक!" तेच करत होतो.

चूक माझीच होती, हे आज लिहून देतो. हसिबाआजीच्या नातीच्या लग्नातलं कॉफीचं भांडं, आणि मला घाई. तुम्ही सांगायचात, "तांबं ठोकत राहिलं की ताठतं. मधूनमधून तापवून मऊ कर, नाहीतर चिरेल." मी नुसता ठोकत गेलो. काठाशी चीर गेली, ती कल्हईखाली झाकली. तुम्ही नख फिरवलंत आणि कळलं तुम्हाला.

इथे थंडी आहे. कॉफी म्हणजे नुसतं पाणी. खोलीत चौघं आहोत.

अल्दिनाताईचं पत्र आलं. तुमचा हात कापतो म्हणे. महिनाअखेर दुकान सोडणार, ऐरण भंगारात घालणार. "बसणारं कोण आहे तिच्यापुढे?" असं म्हणालात म्हणे.

मी आहे. पण एक सांगायचं राहिलंय. ऑगस्टपासून मी कामावर नाही. कारखान्यात डावा हात प्रेसखाली आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. भांडं धरायचा हात, बाबा. ताईने फोनवर आवाजाचं विचारलं, तिला सर्दी झाली म्हणून सांगितलं. तीही कल्हईच.

परवा वाटीसाठी तांब्याचा तुकडा आणला. शेगडीवर तापवला, ठोकला, पुन्हा तापवला. खोलीतला जोडीदार ओरडला, "अरे, शेजारी पोलीस बोलावतील!" तीन बोटांत वाटी ठरत नाही, घाव वाकडे पडतात. रडलो, हे लिहायचं नव्हतं. पण वाटी चिरली नाही.

वाटी बसवाल्याच्या हाती पाठवतोय. कल्हई केलेली नाही. नख फिरवून बघा.

ऐरण देऊ नका. कापत्या हातांनी का होईना, दोन्हींनी भांडं धरा तुम्ही. ठोकतो मी. पुढच्या शुक्रवारच्या बसचं तिकीट काढलंय. दार लावलेलं दिसलं तर मुयोच्या पायरीवर बसेन. हसू दे त्याला.

तुमचाच, आठ बोटांचा,
नेर्मिन

तिकिटाचे वजा जाऊन उरले ते दुकानभाड्यात घाला. दर वेळी मी तीनशे पाठवायचो. हे पंच्याऐंशी युरो.