स्वराच्या मेंदूचा खुराक

२ डिसेंबर, मंगळवार. उपवास.
आणलं : बदाम पाव किलो २३० रु. पोस्टकार्डे दहा, ५ रु.
पालघरच्या डॉक्टरांनी स्वराच्या मेंदूचा फोटो दाखवला. कसल्याशा अभ्यासासाठी काढलेला, म्हणून फुकट. शाळेच्या नावाने पोरीचं पोट दुखतं, त्याला ते चिंतेचा विकार म्हणतात. म्हणाले, अशा पुष्कळ मुलांची सरासरी काढली तर मेंदूच्या काही भागांच्या आकारात थोडा फरक दिसतो. एकट्या स्वराच्या फोटोवरून काही सांगता येत नाही. मला कळायचं ते कळलं. आकाराचा प्रश्न म्हणजे खुराकाचा प्रश्न.
घरात आणखी कुणाला काळजीची सवय आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं. नाही म्हटलं. हे खोकले. बोईसरची हवाच तशी.

३ डिसेंबर.
अकरा बदाम, भिजवून. स्वरा म्हणाली, आई, मेंदू म्हणजे वाल नव्हेत भिजून फुगायला. पण खाल्ले. फोटो देवघरात ठेवला. भीतीच्या जागी अंदाजाने कुंकू लावलं.

४ डिसेंबर.
सारखं ‘पोट दुखतंय का’ विचारू नका, अशी डॉक्टरांची ताकीद. नाही विचारलं. नुसतं पोटाकडे बघितलं. मग शाळेसमोरच्या स्टॉपवर बसले. मेथी निवडायला नेली होती, वेळ फुकट नाही गेला. स्वराने खिडकीतून पाहिलं.

६ डिसेंबर.
शाळेचं शिबिर, सफाळ्याजवळ एडवणला, दहा दिवस. फोन न्यायचा नाही. डॉक्टर म्हणाले जाऊ द्या, स्वरा म्हणते जाणारच. मीही शांतपणे हो म्हटलं. समुद्र, विहीर आणि बिबट्या, एवढंच बोलले. दहाही कार्डांवर आपला पत्ता घालून दिला.

८ डिसेंबर.
गेली. मला काळजी अशी नाही. जेवण गेलं नाही. बदाम वाया नकोत म्हणून मीच संपवले.

९ डिसेंबर. उपवास.
गॅस बंद आहे का बघितला. परत बघितला. पोट दुखतंय. बदाम उष्ण.
हे म्हणाले, तुझ्या मेंदूच्या फोटोला दोन खेपा लागतील, एकात भीती मावायची नाही. गॅस परत बघितला.

१० डिसेंबर.
सफाळ्याला गेले, लाडू घेऊन. स्टेशनवरूनच परतले, रिक्षा फार मागतात. एडवणला जायचं नव्हतंच.

१३ डिसेंबर.
कार्ड आलं. उतरवून ठेवते.
‘आई, पहिल्या रात्री पोट दुखलं, मग झोप लागली. काल सगळ्यांसमोर बोलले. हात कापत होते तरी बोलले. शिबिरातले शिवाजी सर सामान आणायला गेले होते, ते सांगत होते, तू सफाळे स्टेशनवर डबा घेऊन रडत बसली होतीस. माझं बरं आहे. तुझं पोट कसं आहे? खरं लिही. उलट टपाली कळव.’