सव्वादोनची ओहोटी

मालवण,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुदेश,

आज शर्यत झाली. अकरा होड्या होत्या, त्यांतल्या चार गोव्याच्या. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा होता. अकराच्या सुमाराला तो पडला आणि शिडं नुसती लोंबत राहिली. साडेबाराला पश्चिमेकडून वारा आला, तासाभराने तो वायव्येला वळला. दुपारभर पाणी भरतीचं होतं. खडकांमधल्या आतल्या वाटेवर शर्यतीच्या मंडळाने लाल पिंपं बांधून ती बंद केली आहे. पहिला नंबर वेंगुर्ल्याच्या जोडीचा आला. गुरुप्रसादच्या नावाचा कप त्याचा बाप म्हणून मी त्यांना दिला. चार वाजता सगळं आटोपलं.

माझं पत्र आलेलं बघून तुला नवल वाटेल. एकतीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि रजेचे अर्ज लिहिले, त्यापलीकडे माझं लिहिणं नाही. तू देवगडला मामांच्या बागेत फवारणीच्या कामाला आहेस, एवढंच गंगारामकडून कळलं होतं. बाग वर सड्यावर, कातळाच्या माळावर, आहे आणि तिथून समुद्र दिसत नाही, असं तो म्हणाला. मंडळाचा सेक्रेटरी म्हणून पत्ता त्याच्याकडेच मिळाला. कशाला हवा, हे त्याने विचारलं नाही.

तुझ्या आईची तब्येत बरी आहे. माशांची पाटी अजून डोक्यावर घेते. पण आमच्या घरावरून जाताना आता ती हाक देत नाही. पूर्वी अंगणाच्या बेड्याजवळ, फाटकाशी, येऊन ओरडायची, "यशोदे, बांगडो ताजो आसा, मागीर रडशीत." गेल्या वर्षी शर्यतीनंतर पंधरा दिवसांनी ती पहिल्यांदा आली तेव्हा यशोदेने तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. तुझी आई थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. मी आत खुर्चीवर होतो. त्यानंतर गल्लीतल्या आणखी तीन घरांनी तिच्याकडून मासे घ्यायचं बंद केलं. ती आता लांबच्या आळीत जाते. हे सगळं मी खिडकीतून बघत आलो आहे.

तू आणि गुरूने गोव्याहून ती जुनी फायबरची होडी आणली, तेव्हा यशोदा म्हणाली होती की हिला तडे किती ते मोजायलाच एक दिवस लागेल. तीन महिने ती आमच्या अंगणात उलटी पडून होती. तुम्ही खरवडायचा, लेप द्यायचा, भांडायचा. सुकाणू कोणी धरायचं यावरून तर रोजच. गुरू तुला 'सुकाणू नसलेलो पडाव' म्हणायचा आणि तू त्याला 'पोटावळो तांडेल', नुसत्या जेवणावर राबणारा नावाडी, म्हणायचास, कारण माझ्या वडिलांचं, लवू तांडेलांचं, नाव त्याला फार मिरवायला आवडायचं. तुमच्या बोलण्यात मी पडत नसे. चहा घेऊन पायरीवर बसायचो. शाळेतून निवृत्त झाल्यानंतरचे माझे बरे दिवस तेच होते.

माझ्या वडिलांकडून मला होडी मिळाली नाही, एक हिशोब तेवढा मिळाला. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर सहा वाजता, द्वादशी असेल तर नऊ वाजता. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी संपते. आणि ओहोटी संपून दोन तास झाल्याशिवाय आतली वाट धरायची नाही, हा त्यांचा नियम. मी समुद्रावर कधी गेलो नाही, पण हा हिशोब बोटांवर करून सांगायचो आणि लोक ऐकायचे. अमावास्या झाली की मी रोज एक बोट पुढे जायचो. कालनिर्णय बघायची मला गरज वाटत नसे. हे लोकांनी बघावं असंही मला वाटायचं, हे आज लिहून ठेवतो.

गेल्या वर्षीच्या शर्यतीची, त्या रविवारची सकाळ तुला आठवत असेल. धक्क्यावर तुम्ही शीड चढवत होता, मी शेजारी उभा होतो. गुरूने विचारलं की आतली वाट कधी उघडेल. मी बोटं मोजली आणि सांगितलं, एकादशी, भरती सव्वाआठची, ओहोटी संपणार सव्वादोनला, सव्वाचार वाजले की खुशाल आतून या. तू खिशातून मंडळाचा कागद काढलास. "काका, कागदार ओहोटी तीनची आसा," तू म्हणालास. म्हणजे पाच वाजेपर्यंत आत जायचं नाही. तुझं बोलणं अगदी साधं होतं. पण आजूबाजूला चारपाच माणसं होती. मी म्हटलं, "ता दुसऱ्या खंयच्या बंदराचा उतरून घेतलेला असतला. कागद कधी दर्यात उतरलो रे?" सगळे हसले. गुरूही हसला. तू कागद घडी करून परत खिशात ठेवलास. वर्षभर तो हसण्याचा आवाज माझ्या कानात आहे.

पुढचं तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. मी धक्क्यावरून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. तिसऱ्या फेरीत तुम्ही तिसरे होता. वारा एकाएकी फिरला, बाहेरून येणाऱ्यांना तो तोंडावर आला आणि त्यांना वाकडंतिकडं यावं लागलं. तुमची होडी खडकांकडे वळली. मी घड्याळ बघितलं, सव्वाचारला दोन मिनिटं कमी होती. मला आनंद झाला, सुदेश. मी शेजारच्या माणसाला म्हटलं की आता बघ. मग होडी मध्येच थांबली. चालताना माणूस ठेचकाळतो तशी. तिची खालची फळी खडकाला लागली होती आणि मागून लाट आली. शीड आडवं झालं. बचावाची बोट पोचेपर्यंत वीस मिनिटं गेली. तेवढा वेळ तू त्याचं डोकं पाण्यावर धरून होतास. अंगात जॅकेट होतं, तो बुडाला नाही. डोकं खडकावर आपटलं होतं.

पोलिसांना आणि मंडळाला तू जबाब दिलास, की आत जायचं मी ठरवलं, गुरू नको म्हणत होता. माझं नाव तू घेतलं नाहीस. मला तेव्हा वाटलं, धक्क्यावरचं बोलणं तू विसरला असशील. किंवा मी तसं वाटून घेतलं.

बाराव्याला भटजींनी संकल्प सांगताना गुरू गेल्याची तिथी माघ शुद्ध द्वादशी म्हटली. मी त्यांना थांबवलं, म्हटलं एकादशी. भटजी वयाने लहान आहेत. त्यांनी पंचांग उघडून माझ्यापुढे धरलं. म्हणाले, "काका, या पक्षात पंचमीचो क्षय होतो. चतुर्थीनंतर एकदम षष्ठी." बोटांवर मोजणाऱ्याला क्षय कळत नाही. मी एक दिवस मागे राहिलो होतो. द्वादशी म्हणजे भरती नऊची आणि ओहोटी तीनची. तुझा कागद बरोबर होता. सव्वाचारला आतल्या वाटेत जेवढं पाणी हवं त्यापेक्षा वीतभर कमी होतं. शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, यशोदेने एकादशीचा उपास म्हणून साबुदाणा केला होता. मीही वाटीभर खाल्ला होता. कशाचा, ते विचारलं नव्हतं. मी भटजींना म्हटलं, बरोबर आहे, पुढे म्हणा. आणि पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी तू आलास. अंगणात माणसं होती. यशोदेने तुला बघितलं आणि म्हणाली, "माझो झील खंय ठेवलंस रे?" तू माझ्याकडे बघितलंस. तुला सगळं आठवत होतं हे मला त्या वेळी कळलं. मी खाली बघितलं. तू वळलास, आणि त्याच आठवड्यात देवगडला गेलास. तेव्हापासून गाव जे बोलतो ते तुझ्या कानावर आलंच असेल. तुला यापुढे मालवणात कुठल्याही होडीवर घ्यायचं नाही असं मंडळाने ठरवलं, तेव्हा सहीसाठी कागद माझ्याकडेही आला होता. मी सही केली नाही. पण कारणही सांगितलं नाही, त्यामुळे लोकांना तो माझा मोठेपणा वाटला.

आज बक्षिसांच्या वेळी गंगारामने माइकवरून भाषण केलं. एकाच्या घाईने दुसऱ्याचा जीव गेला, हे पोरांनी विसरू नये, असं तो म्हणाला. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझी आई धक्क्याच्या टोकाला पाटी खाली ठेवून बसली होती. तिने पाटी उचलली. मदतीला कोणी पुढे झालं नाही, तिने एकटीने गुडघ्यावर घेऊन डोक्यावर चढवली आणि गर्दीतून वाट काढत गेली. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. माइक हातात होता. मी सांगणार होतो. मंडळाचा आभारी आहे, एवढंच माझ्या तोंडून निघालं आणि मी बसलो.

घरी आल्यावर यशोदा म्हणाली की गंगाराम बरं बोलला. मी चपला काढत होतो. तिला म्हटलं, बस जरा. मग मी तिला सगळं सांगितलं, बोटं, कागद, लोकांचं हसणं, भटजींचं पंचांग. ती रडली नाही. हिशोब चुकल्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. तिने विचारलं, "तुमका कधी कळला?" मी म्हटलं, बाराव्याला. ती म्हणाली, "म्हणजे मी दार लावलंय तेव्हा तुमका माहीत होता." मी हो म्हटलं. तिने दोन लुगडी पिशवीत भरली आणि साडेसहाच्या गाडीने बहिणीकडे शिरोड्याला गेली. किती दिवसांसाठी ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. स्टँडपर्यंत मी पिशवी घेऊन मागून चालत गेलो, तेवढं तिने करू दिलं.

पत्र लिहायचं कारण आता सांगतो. उद्या सकाळी मी आधी तुझ्या आईकडे जाणार आहे, मग गंगारामकडे, आणि तिथून पोलीस ठाण्यात लेखी जबाब द्यायला. माझा जबाब गेला की तुझा खोटा ठरेल आणि तुला बोलावणं येईल. तू माझ्यासाठी पुन्हा तेच सांगशील अशी मला भीती आहे. तसं करू नकोस. धक्क्यावर मी काय म्हटलं आणि तू काय म्हटलंस, ते शब्दाला शब्द सांग. फोन यासाठी केला नाही की तू 'असू दे काका' म्हणशील, आणि मला माझी खात्री नाही. मी ते ऐकून गप्प बसेन. क्षमा मागायचा हक्क मिळावा असं मी अजून काही केलेलं नाही, म्हणून ती मी मागत नाही. उद्या ही तीन घरं होऊ देत. आता साडेआठ झाले. चुलीवर पेज ठेवली आहे, ती उतरवतो, वाढून घेतो आणि जेवून ताट घासून ठेवतो.

तुझाच,
मंगेशकाका