तीन बोटं विभूती

जुळे सोलापूर,
सोमवार

गुरप्पा भावजींना कमलम्माचे शरणु शरणार्थी.

मी तुमची थोरली वहिनी. ओळख दिलेली बरी, कारण श्रावणात ‘उद्या फोन करतो’ म्हणालात, तो उद्या करमाळ्यात अजून उजाडलेला दिसत नाही. गुडघे कसे आहेत? सुनेला छळता, की थकलात? मी सांगते आणि नात राजेश्वरी लिहिते. (तोंड वाकडं करून लिहिते. तेही लिही म्हटलं.)

तर भावजी, आमच्या घरात भरदिवसा एक माणूस पुसलं गेलं. दिवाळीच्या झाडलोटीत ह्यांच्या फोटोची काच फुटली. फोटो तसाच गॅलरीत टांगला, तोंडावर सकाळचं ऊन येईल असा. ह्यांची उन्हात बसायची सवय तुम्हाला ठाऊकच की. रोज आंघोळ झाली की ओल्या तीन बोटांनी आधी ह्यांच्या कपाळावर विभूती ओढायची, मग माझ्या. पंधरवड्यापूर्वी फोटोत कपाळावर तीन पांढरे पट्टे उमटले. पुसले तरी जाईनात. मला वाटलं, पुण्यवान माणूस, आतूनच विभूती फुटली. (हसू नका, तुम्हीही हात जोडले असते.) मग भुवया गेल्या. घाबरून मी विभूती दुप्पट लावू लागले, गालांनासुद्धा. मग डोळे गेले. मी रोजच्यासारखी समोर उभी, आणि बघणारं कुणी नाही. आठवड्यात नुसता पांढरा कागद उरला आणि मधे मिशा, जिथल्या तिथं. (मिशांना हात लावलेला ह्यांना चालायचा नाही, म्हणून मी तिथं लावलीच नव्हती.) त्याच दुपारी दोरीवरच्या माझ्या निळ्या लुगड्याच्या पदरावर तीन पांढरी बोटं दिसली, कुणी मागून धरून थांबवावं तशी. शेजारच्या सुंदरम्मानं ती बघितली आणि चहाला यायचं बंद केलं. तेवढा एक फायदा.

शेवटी राजेश्वरीनं फडताळ उघडलं नि आपली डबी बघितली, तर अर्धी संपलेली. ती कॉलेजात एक पूड करते, पिठाहून लई बारीक, एकेक कण डोळ्याला दिसायचा नाही अशी. चादरी रंगवून उरलेल्या पाण्यात चिमूटभर टाकायची आणि उन्हात ठेवायची; ऊन लागलं की पूड रंग खाते, पाणी नितळ. ओढे वाचतील म्हणते. गच्चीवर करून बघायला तिनं ती डबीतून घरी आणलेली, आणि माझी विभूती संपलेली. बोटं मी पदराला पुसते, ते वेगळंच.

“आजी, डबीवर नाव लिहिलं होतं की,” म्हणाली.

“वाचता आलं असतं तर तुझ्याकडून पत्रं लिहवून घेतली असती का?” म्हटलं.

तेव्हापासून ती धड जेवत नाही. (हे गाळत होती.) तिला म्हटलं, पूड चांगली आहे, काम चोख करते. पण भावजी, आता डोळे मिटले तरी मला मिशाच दिसतात. रोज समोर होता, म्हणून चेहरा कधी आठवून ठेवलाच नाही. नाव तर मी जन्मात घेतलं नाही.

तुमची वहिनी,
कमलम्मा

ता. क. तुमच्या लग्नातला ह्यांचा फोटो तुमच्याकडे आहे. तो पाठवा. पत्र त्यासाठीच.

आणखी ता. क. तो हरवला असेल, म्हणजे हरवलाच असेल, तर तुम्हीच या. कपाळ-डोळे दोघांचे एका साच्यातले, सासूबाईसुद्धा फसायच्या. सकाळी जरा गॅलरीत उन्हात बसा. मिशा काढून आलात तरी चालेल, त्या इथं आहेत. येणं लांबणार असेल तर शेंगापोळ्या आधी पाठवा, एका अंगाला करपलेल्या. ह्यांना तशाच लागायच्या. एवढं अजून गेलेलं नाही.