सगळाच निळा झालेला काप

बाबा, आज माझ्या विद्यार्थिनींना समुद्रातल्या प्राण्यांच्या अंगातलं लोखंड शिकवत होते. ते मोकळं फिरलं तर घात करतं, म्हणून एक प्रथिन पोकळ चेंडूसारखं होऊन ते आत धरून ठेवतं आणि लागेल तसं सोडतं. खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारा कायटन नावाचा कवचाचा प्राणी तर त्याच लोखंडातून आपले दात घडवतो. सांगता सांगता मला अमरावतीच्या आपल्या कॉलेजची लॅब दिसायला लागली. मी तिथे शिकत होते, तुम्ही तिथे शिपाई होतात. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. तो यायचा फॉर्मालीनच्या बरण्यांतून, आणि त्या बरण्या तुम्ही लेकरांसारख्या सांभाळायचात.

एकोणीसशे साठच्या पुढची ती वर्षं. सरांनी मला कायटनच्या दातांच्या पट्टीचा पातळ काप घेऊन रंगवायला दिला होता. लोखंड असेल तिथे निळा रंग येतो. जमलं तर मुंबईला संशोधनासाठी ते माझी शिफारस करणार होते, आणि आपल्या वस्तीतून तोवर तिथवर कोणी गेलं नव्हतं. काप निळा झाला, सगळाच्या सगळा. सर खूश, मी तर हवेत. तुम्ही फरशी पुसायची सोडून आलात आणि वाकून सूक्ष्मदर्शकातून पाहिलंत.

"सायेब, हे खरं नाही. दातापाशीच निळं याले पायजे, तुमीच तं सांगता दरसाली. हे सारंच निळं होऊन राहिलं. बरणीचं झाकण गंजलं हाय, तो गंज आतल्या पाण्यात उतरला. आतून मेण लावाचं मीच भुललो."

सर सगळ्या वर्गासमोर तुम्हाला नाही नाही ते बोलले. घरी मी जेवले नाही.

"कावून रुसली? खोट्यावर गेली असती तं तिथं कोणी धरलंच असतं. थांब, दुसरी बरणी हाय."

दुसऱ्या बरणीचं झाकण काचेचं होतं. या वेळी दातांच्या मुळाशी तेवढी बारीक निळी रेघ आली, बाकी काप स्वच्छ. सरांनी तुम्हाला बोलावून आपल्या खुर्चीत बसवलं. "आधी तुम्ही बघा," म्हणाले. तुम्ही एक डोळा घट्ट मिटून कितीतरी वेळ बघत राहिलात. पुढे माझे बरेच सत्कार झाले, बाबा, पण त्या खुर्चीतल्या तुमच्याइतका अभिमान मला कशाचाच वाटला नाही.

हे पत्र टाकणार कुठे? पाकीटही आणलेलं नाही. एक गोष्ट तेवढी तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या दिवशी ते झाकण मीच उघडलं होतं. बोटांना गंज लागलेला मी पाहिला, पदराला पुसला आणि काप घ्यायला बसले.