आपट्याचा बॅक-चेक

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. आणि दुपारचं जेवण वेळेवर, ताटात.
कंपनीने ‘ज्येष्ठांचा एकाकीपणा’ या सर्व्हेचा बॅक-चेक माझ्याकडे दिला. म्हणजे मुलाखत खरंच झाली का, ते माणसाला फोन करून विचारायचं. तीन प्रश्न, दोन मिनिटं. अगदी योग्य माणूस निवडला. पनवेलजवळ विचुंब्यात वन-बीएचके, काम घरून, सोसायटीत कोणाशी ओळख नाही. डिस्टर्बन्स शून्य!

९ एप्रिल, बुधवार
आपटा गावच्या चंद्रावतीकाकू. गावोगाव फिरून सर्व्हे करणाऱ्या आमच्या मितालीने घेतलेली मुलाखत. एकाकीपणाचा स्कोअर: शून्य.
फोन केला. काकू पस्तीस मिनिटं बोलल्या. नदीला पाणी किती, म्हैस कशी आटली, गुडघा कुठे दुखतो. मधेच विचारलं, जेवलास का रे? अनोळखी माणसाशी इतकं कोण बोलतं? ज्याला घरात बोलायला कोणी नाही तोच. म्हणजे शून्य खोटा. मितालीने घरी बसूनच उत्तरं भरलेली दिसतात.
नूडल्स. पातेल्यातूनच. ताट उद्यापासून.

१६ एप्रिल, बुधवार
काकूंना चौथा बॅक-चेक. नियम एकाच फोनचा आहे, पण संशोधनात चिकाटी लागते.
आज आंब्याचा विषय. माझं लग्न का नाही, हाही. मी म्हटलं, करिअर. त्यांनी परत विचारलं, जेवलास का रे? बिचाऱ्या.

२४ एप्रिल, गुरुवार
काकूंनी फोन उचलला नाही. कामात लक्ष लागेना. डेटाची काळजी, दुसरं काय! संध्याकाळी उचलला. एकट्या बाईला माझाच आधार आहे, हे आता सिद्ध झालं.
मितालीच्या सगळ्याच मुलाखती बाद करा, असा मेल आमच्या बॉसना, देवेश सरांना टाकला.

२ मे, शुक्रवार
मितालीचा फोन. चिडलेली. म्हणे, काकूंच्या ओटीवर दोन तास बसले होते, नोकरी जाईल माझी, एकदा स्वतः जाऊन बघा ना. देवेश सर म्हणाले, सोमवारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर मेल मागे घ्या. पुरावा! देतो.
जिम चालू करायचं राहिलं. आपट्याहून आल्यावर.

४ मे, रविवार. दुपारी
आपट्याला गेलो. बरोबर बिस्किटांचा एक पुडा, एकट्या बाईला पुरेल असा.
काकूंच्या दारात मांडव. उद्या नातवाची, निकेशची हळद. ओटीवर बायका लसूण सोलत बसलेल्या, अंगणात पोरं, मागे चुलाणं. काकूंनी मला हाताला धरून सगळ्यांसमोर उभं केलं. म्हणाल्या, ह्योच तो फोनवाला. सगळे मला ओळखत होते! निकेश हसत म्हणाला, आजी ताटावरून उठून तुमचा फोन घेते. आमी ओरडतो, तर बोलते, त्याला बोलाया कोन नाय रे.
बिस्किटं पोरांना वाटली, पुरली नाहीत. काकू जेवायला बसवत होत्या. मी म्हटलं, उत्तर देणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही, असा कंपनीचा नियम आहे. नियम पाळायलाच हवेत.

५ मे, सोमवार
देवेश सरांना मेल: मुलाखत खरी, स्कोअर बरोबर, संशय मागे. मितालीला मोठा सॉरी लिहिला. तिने नुसता अंगठा पाठवला.
आता आपट्याला फोन करायला काही कारण उरलं नाही. बरंच झालं, आकडेवारीचं ते ‘आर’ सॉफ्टवेअर शिकायला वेळ मिळेल.

संध्याकाळी ७.३०
फोन वाजला. काकू. मागे हळदीचा बँड, धड ऐकू येईना. ओरडून विचारत होत्या, जेवलास का?
हो म्हटलं. भाजी-पोळी, ताटात.
उत्तर खोटं. पण माझा बॅक-चेक कोण करणार?