अंगकोरची उलटी फेरी

रविवार, ९ फेब्रुवारी, रीडिंग, इंग्लंड

अंगकोर वाटचे फोटो बघतेय, पण मनात आईचं ते वाक्य.

देवळाच्या ओवरीत ती सवयीने कोरीव भिंत उजव्या हाताला ठेवून निघाली. गाइड म्हणाला, इथली शिल्पं उलट्या फेरीनेच बघायची. आई थबकली. आपल्याकडे उलटी फेरी चितेभोवती, आणि बाबांना जाऊन जेमतेम वर्ष. कशाला आणलं मी हिला?

पण ती वळली. समुद्रमंथनाच्या शिल्पापाशी म्हणाली, “हलाहल निघालं तरी घुसळणं सोडलं नाही गं कुणी.”

आत्ता किचनमधून लाकडी रवीचा आवाज येतोय. बाबा गेल्यापासून घरी तूप कढवलं नव्हतं तिने. डोकावले. डबल क्रीम, इथली दाट साय, घुसळतेय.

“दमलीस का? मी करू?”

“थांब गं. येईलच आता लोणी.”