थ्री घ्यावा की फाईव्ह

१९ फेब्रुवारी २०१२, रविवार
राजूरहून संघदीपचा फोन. पुढच्या महिन्यात खाणीतून सुट्टी मिळाली की उर्वशीला लॅपटॉप घेतो म्हणाला. आय-थ्री घ्यायचा की आय-फाईव्ह, एवढं तुम्ही ठरवून ठेवा बाबा, मशीनमधलं तुम्हालेच समजते. माझा पोरगा समजदार आहे, हे मी पहिल्यापासून सांगत आलो.
उर्वशी, माझी नात, पुसदला बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला. २४ मार्चला प्रोजेक्ट दाखवायचा आहे. त्यावरच वर्ष. सध्या कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तिचा नंबर आठवड्यातून दोनदा लागतो, तोही लाइन, म्हणजे वीज, असली तर.
निकाल तीन दिवसांत द्यायचा. नवीन वही काढली. मधोमध रेघ मारली. डावीकडे थ्री, उजवीकडे फाईव्ह.

२१ फेब्रुवारी
अभ्यास. नेट-कॅफेवाल्याकडून दोन कागद छापून आणले. वाचून वैताग आला. ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात कधी पाना धरला नसेल.
मी चाळीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर; आपल्या भाषेत मांडलं तर असं. प्रोसेसर म्हणजे जिनिंग, कोर म्हणजे सरकी काढणारा रेचा. दोघांतही रेचे दोन-दोन. प्रत्येक रेचा दोन कामं धरतो, म्हणजे चार. कॅश, म्हणजे रेच्याजवळ माल ठेवायचा ओटा, दोघांचा तीन एमबी. थ्रीचा वेग २.३. फाईव्हचा २.५, पण टर्बो लागला की ३.१.
या टर्बोची मला किळस आली. मालक फाटकात दिसला की जोरात हात चालवायचा, मालक गेला की बिडी. असे कामगार मी चाळीस वर्षं पाहिले. थ्री बिचारा सकाळपासून संध्याकाळपर्यंत २.३. सरळ माणूस.
तरी घाई नको.

२४ फेब्रुवारी
आर्णीला गेलतो. संजयचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. तांड्यातला पोरगा, संघदीपच्या वर्गातला. त्याने आधी फाईव्ह दाखवला. मी बाजूला सारला. गाडीत वरचा कापूस नेहमीच पांढरा असतो, हात खालपर्यंत घालायचा असतो. मी म्हटलं, खालून उघड, प्रोसेसर डोळ्याने पाहू दे. तो म्हणे, काकाजी, उघडला की वॉरंटी जाते. मी म्हटलं, म्हणजे आत काहीतरी आहे. तो म्हणे, आत प्रोसेसरच आहे.
बाजाराच्या रीतीप्रमाणे तीनदा पायऱ्या उतरलो. एकदाही मागून हाक आली नाही. तिसऱ्यांदा खाली उतरलो तर तो डबा खात होता. आजकालच्या दुकानदारांना गिऱ्हाइकाची कदर नाही. शिसारी.

२९ फेब्रुवारी
तीन दिवसांचे दहा झाले. कारण माझं नाही. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला आहे, त्याची खाज. रात्रंदिवस अंग खाजवणारा माणूस तुलना कशी करणार? बायकोच्या, सत्यभामाच्या, मानेवर चट्टे उठले. साधना सून आहे, बोलत नाही, पण माझ्यासमोरच खाजवते. मुद्दाम.
भाव पडला म्हणून विकायचं मीच थांबवलं होतं. भाव येणार आहे. दोन्ही गोष्टी एकदमच मार्गी लागतील.

३ मार्च, शनिवार
मोठी बातमी. नेट-कॅफेवाला सांगतो, तिसरी पिढी येऊन राह्यली, एक-दोन महिन्यांत. आपण तोलतो ते दोन्ही दुसऱ्या पिढीचे. मग घ्यायचेच कायले? निकाल: थांबा.
उर्वशी प्रोजेक्टच्या सुट्टीला घरी आहे. तिला सांगितलं. ती म्हणे, आबाजी, प्रोजेक्ट २४ तारखेला आहे, तिसरी पिढी काय माह्या कॉलेजले विचारून येते काय? सत्यभामा आतून ओरडली, अजी, कापूस ठेवला तसा आता लॅपटॉपही ठेवा, दोघायले संगंच मोड येतील. तांत्रिक विषयात भावना आणू नये.
जेवताना उर्वशीने भाकरी अर्धी ठेवली. पोरीचं तोंड बघवलं नाही.
ठरवलं. तिसरी पिढी रद्द. प्रत्यक्ष चाचणी घ्यायची.

१० मार्च, शनिवार, दुपारी ४
संजय भला माणूस. दुकानात दाखवायला ठेवलेले दोन्ही लॅपटॉप स्वतःच्या गाडीवर घेऊन आला. म्हणे, काकाजी, सोमवारपर्यंत चालवा, पण एकदाचं सोडा मले.
चाचणीचे नियम वहीत लिहिले. दोघांवर एकच काम. दर अर्ध्या तासाने बुडाला हात लावायचा. चाळीस वर्षं बेअरिंगची गरमी तळहाताने सांगत आलो, थर्मामीटरची गरज नाही.
आज थ्री. साधनाने स्वयंपाकघरात पाटावर ठेवला. उर्वशीने प्रोजेक्टचं काम केलं. कोमट. पास.

११ मार्च, रविवार, सकाळी १०
आज फाईव्ह. महागाचा माल, त्याला पाटावर ठेवणं बरं दिसेना. शिवाय मशीनला हादरा वाईट. पुढच्या खोलीत कापसाच्या ढिगाला छान खळगा केला, त्यात बसवला. राजासारखा दिसत होता. उर्वशी म्हणे, आबाजी, याले खालून हवा लागते, स्टूल द्या. मी म्हटलं, बेटा, फिटर कोण, तू की मी? ती ढिगाशेजारी उकिडवी बसून टाइप करायला लागली.

संध्याकाळी ५
फाईव्ह तापला. पहिल्या अर्ध्या तासात कोमट, दुसऱ्यात तवा. पंखा रेच्यासारखा घरघर करत होता. हे सगळं वहीत टिपत असतानाच तो स्वतःहून बंद पडला. सुरू केला, पुन्हा बंद.
टर्बो! मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं.
उर्वशीचं तासाभराचं टायपिंग गेलं. रागाच्या भरात जपून ठेवायचं बटन दाबलं नाही म्हणे. रडली. मग तोंड धुऊन आली, थ्री पाटावर घेतला आणि पहिल्यापासून सुरू केलं. मी तिच्या वहीतून इंग्रजी वाचून दाखवलं, एक-एक अक्षर. मॅन्युअल वाचून शिकलेलं इंग्रजी आज कामी आलं. चार वाजेपर्यंत बसलो. ती म्हणे, आबाजी, तुमचं स्पेलिंग चुकत नाही. एवढ्या घाणेरड्या दिवसात तेवढं एक बरं झालं.

१२ मार्च, सोमवार
निकाल: थ्री. संघदीपला पत्राने कळवलं, तीन पानं, मुद्देसूद. फाईव्ह तापट, बेभरवशाचा, दिखाऊ. थ्री शांत, संयमी. शेवटी लिहिलं, हा निर्णय अनुभवावर आधारलेला आहे. फोनवर असल्या गोष्टी बसत नाहीत.

१४ मार्च
संजयने दुकानातून बोलावलं. जाऊन पाहतो तर त्याने फाईव्ह उघडून ठेवलेला. स्वतः उघडला की वॉरंटी जात नाही वाटतं! चिमट्याने पंख्यातून कापूस ओढत होता. एका वातीपुरता निघाला. मग अजून. जाळीवर तर गादीच झाली होती.
दुकानात चार माणसं. संजय हळूच म्हणे, काकाजी, तुम्ही तर जिनिंगचे फिटर. पंख्यात कापूस गेला तर काय होते, हे मी तुम्हाले सांगू? एकजण फिस्सकन हसला.
जिनिंगमध्ये रोज संध्याकाळी मीच ब्रश घेऊन फिरायचो. प्रत्येक रेच्याला. हे त्याला सांगितलं नाही.
पण माझं म्हणणं बदलत नाही. यवतमाळ जिल्ह्यात विकायची वस्तू कापसात चालली पाहिजे. पत्र परत मागवायची गरज नाही. थ्री तो थ्री.

१५ मार्च
दुपारी वावरातून आलो तर पुढची खोली रिकामी. सत्यभामा आणि साधना दोघींनी व्यापाऱ्याची गाडी बोलावून कापूस मोजून दिला. मला विचारलं नाही. सत्यभामा म्हणे, पोरीले बसाले जागा पाहिजे होती, भावाचं तुम्ही पाह्यत बसा. भिंती झाडल्या, फरशी पुसली, मधोमध टेबल मांडलं.
फार बोलायचं मनात होतं. खोलीत आवाज घुमतो म्हणून बोललो नाही.

१८ मार्च, रविवार
संघदीप आला. लॅपटॉप घेऊन आला. टेबलावर ठेवला. उर्वशीने तिचं काम त्यात घेतलं. मी शेजारी खुर्ची टाकली आणि कळफलकाच्या खालच्या पट्टीवर पंजा ठेवून बसलो, गरमी पाहायला. दोन तास. थंडगार. मी सगळ्यांना दाखवलं, लावा हात. साधनाला बोलावलं. शेजारच्या तुळसाबाई साखर मागायला आल्या, त्यांनाही हात लावायला लावला. म्हटलं, हा आहे थ्रीचा गुण. टर्बो नाही, बिर्बो नाही. सरळ माणूस. संघदीप खाली मान घालून चहा पीत होता. एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण माझं वेगाबद्दलचं सुरू होतं.
मग उर्वशी म्हणे, आबाजी, हात काढा ना थोडा, मले पट्टी पुसू द्या.
हात काढला. पंजाखाली स्टिकर होतं. फाईव्ह.
कोणी हसलं नाही. तुळसाबाई साखर घेऊन गेल्या. संघदीप म्हणे, पत्र मिळालं बाबा. पूर्ण वाचलं. पण कोणता घ्यायचा ते पोरीनं आधीच फोन करून सांगितलं होतं.
मी विचारलं, कधी?
म्हणे, फेब्रुवारीतच.

२४ मार्च, शनिवार
प्रोजेक्ट पास. उर्वशीचा पुसदहून फोन आला. परीक्षकांनी दोनच प्रश्न विचारले म्हणे, प्रोसेसरबद्दल एकही नाही. मशीन तापलं नाही. आनंदाने तिचा आवाज फाटत होता. सत्यभामाने शेजारी साखर वाटली.
संध्याकाळी संघदीपचा राजूरहून फोन. नवीन मोबाइल घ्यायचा आहे, दोन पाहून ठेवले आहेत. बाबा, कोणता घेऊ?
मी म्हटलं, उर्वशीले विचार.